खुरपणीची शिक्षा बंद करणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

‘अभ्यास कर, नाहीतर ढेकळं फोडत बसशील.’ शाळेत हे वाक्य आम्ही पाढ्यांइतकं ऐकलं. गृहपाठ राहिला की बागेत खुरपायला पाठवायचे. मग खुरपं हातात घेणं म्हणजे अपमान, हे डोक्यात बसणारच. पुढे काय व्हायचंय असं विचारल्यावर कुणी शेतीचं नाव घेतलं की वर्ग हसायचा, त्यात नवल ते काय! तुम्ही आल्या आल्या ती शिक्षा बंद केलीत. आधी त्याबद्दल आभार.

नत्र स्थिरीकरण, म्हणजे हवेतला नत्र जिवाणूंनी पिकाला वापरता येईल असा करणं, पुस्तकात चार ओळींत उरकलं होतं. तुम्ही शेंगवर्गीय रोप मुळासकट हळूच खणून काढायला लावलंत. मुळांवरच्या गाठी नखाने फोडल्या. आतून गुलाबी असेल तर जिवाणू कामाला लागलेत, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा, हे ऐकून मागच्या बाकावरचेही पुढे सरकले. डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १८८८ मध्ये हे जिवाणू गाठींतून वेगळे केले, हेही तेव्हाच कळलं.

पण खरी गंमत गणिताच्या तासाला. पिकाचा जमाखर्च मांडताना बियाणं, खत, मजुरी सगळं लिहून झालं. तुम्ही विचारलंत, “आणि घरची माणसं राबली ती कुठे धरली?” ती धरली आणि फायद्याचा तोटा झाला. तुम्ही तो तोटा झाकला नाहीत, मातीच्या थोरवीवर भाषणही ठोकलं नाहीत. साठवण, प्रतवारी, प्रक्रिया यांतलं काय केलं तर आकडा हलेल, ते आम्हालाच काढायला लावलंत. शेतीत इतकं डोकं लागतं हे मला त्या दिवशी पटलं. (शेतीचं नुसतं गोडगोड चित्र रंगवणाऱ्यांवर माझा आजही विश्वास बसत नाही.)

वर्गातल्या सगळ्यांनी शेती धरली नाही, तुमचा तसा आग्रहही नव्हता. मी बियाणे तपासणीत आहे. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बिया मांडून उगवण मोजायची, हे पहिल्यांदा तुमच्याच वर्गात केलं होतं.

आता एका शाळेने मला आठवीचे तास घ्यायला बोलावलंय. जमाखर्चाच्या उदाहरणांची तुमची ती वही अजून असेल तर कृपया पाठवा. घरच्या मजुरीचा रकाना मलाही घालायचाय.

आपली विद्यार्थिनी