एसटी फुकट आहे, मान्य

कोल्हापूर,
रविवार, ११ जानेवारी २०२६

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "नवी गाडी ॲव्हरेज किती देते?" मी सांगायला तोंड उघडलं तोवर "बरं बरं, बिल वाढतंय" म्हणून फोन आईच्या हातात. आता कुठलं बिल वाढतंय? महिन्याचा रिचार्ज मारलेला असतो, हे मी दहादा सांगून दमले. म्हणून हे पत्र. कागदावरचं तुम्ही पेन घेऊन, खुणा करत वाचता, आणि तेही मोठ्यानं. त्यामुळे आईला वेगळं लिहायला नको.

पहिला आकडा सांगते, खुर्चीत नीट बसा. लिटरला सतरा किलोमीटर.

मला माहीत आहे, आता चष्मा काढून तुम्ही आईकडे बघितलं असणार. "कंपनी २४.३५ सांगते आणि ही म्हणते सतरा!" पण हिशेब तुमच्याच पद्धतीनं केलाय. गाडी ३८ किलोमीटर झाली होती तेव्हा टाकी फुल्ल केली. नळी आपोआप कट झाली तिथंच थांबवलं, "राऊंड फिगर करू का ताई?" याला नाही म्हटलं. पुढच्या वेळी तोच पंप, तीच मशीन. काटा ४१२ वर, पेट्रोल बसलं बरोबर २२ लिटर. ३७४ भागिले २२. गाडीच्या पडद्यावर १८.९ दिसत होतं, त्यावर मी विश्वास ठेवला नाही. तुमची मुलगी आहे शेवटी.

आता सतराच का, ते ऐका. कंपनीचा आकडा खोटा नसतो, तो फक्त आपल्या रस्त्यावरचा नसतो. गाडी रोलरवर उभी करून, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगानं वीस मिनिटांच्या आत चाचणी संपते. तिथं बिंदू चौक नसतो. मी कळंब्याहून निघते, संभाजीनगर, मिरजकर तिकटी, बिंदू चौक, व्हीनस कॉर्नर, मग शाहूपुरी. जेमतेम सात किलोमीटर. सकाळी इंजिन तापतं न तापतं तोवर ऑफिस येतं. शनिवार-रविवार अंबाबाईला बाहेरगावच्या गाड्या एवढ्या येतात की दुसऱ्या गिअरला चुकूनच जाता येतं. त्यात मी नवशिकी, क्लचवर पाय ठेवूनच चालवत होते. हे म्हणाले, "क्लच आहे तो, पायपुसणं नाही."

पुढच्या टाकीला मात्र वीस पडलं. ४३८ किलोमीटर, २१.९ लिटर. त्यात गारगोटीच्या दोन फेऱ्या होत्या. बिद्रीच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला की ही गाडी चौथ्या-पाचव्या गिअरला अशी काही गप्प चालते की वाटावं पेट्रोल वास घेऊनच परत देते. तिसऱ्या टाकीला पुन्हा शहरच शहर, अठराच्या थोडं वर. म्हणजे गाव जोडलं की वीस, नाही जोडलं की सतरा-अठरा. वहीत असंच लिहा.

तुमची ती लाल पुठ्ठ्याची वही अजून आहे ना? चेतकची? मला आठवतं, मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडं स्कूटर बंद पडायची, तुम्ही खाली हात घालून नळ रिझर्व्हवर करायचा, मला आणि आईला उतरवून स्कूटर डावीकडं आडवी करायची आणि मग किक. आई पदर सावरत म्हणायची, "पेट्रोल भरून का ठेवत नाही माणूस!" आणि तुम्ही पंपावर पोचल्यावर आधी वही काढायचा, मग पाकीट.

तुमच्या पोटात कालवाकालव होईल असं एक यंत्र या गाडीत आहे. सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन आपोआप बंद होतं, क्लच दाबला की परत चालू. पहिल्या दिवशी व्हीनस कॉर्नरला मला वाटलं बंद पडली. घाबरून चावी फिरवली, वायपर लावला, हॉर्न वाजला. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "ताई, निवांत, लाल हाय अजून." म्हणजे तुम्ही जे हातानं करायचा ते ही स्वतः करते. पण एक हात जोडून सांगते, उतारावर इंजिन बंद करायचं तुमचं ते जुनं तंत्र इथं चालत नाही. स्टीअरिंग जड होतं, ब्रेकचा जोर जातो. आणि गरजही नाही. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर पेट्रोलचा पुरवठाच थांबतो. उलट न्यूट्रलला टाकलं तर इंजिन चालू ठेवायला थोडं पेट्रोल लागतंच. ह्यांनी मला हे तीनदा समजावलं, मग पटलं. तुम्हाला किती वेळा लागेल बघू.

आणखी एक, हे तुम्हाला आवडेल. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. उसाच्या मळीचं, रसाचं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं ताकद साधारण तिसऱ्या हिश्शानं कमी, त्यामुळं ॲव्हरेज थोडं मार खातंच. तेव्हा सतरा पडलं यात थोडा दोष तुमच्या उसाचाही आहे. बिल कधी निघतंय म्हणून कारखान्यावर चिडता, तोच ऊस मी इथं पैसे मोजून टाकीत भरून घेते.

आता खरा मुद्दा. तुमचा मुद्दा, माझा नव्हे.

भाऊबीजेला गाडी दारात आणली. आदल्याच दिवशी पाडव्याला ताब्यात मिळाली होती, चाकांवर कुंकू ताजं होतं. तुम्ही टायरला पाय लावून बघितलात, बॉनेट उघडायला लावलंत, "इंजिन कुठाय यात, सगळं प्लॅस्टिकच दिसतंय" म्हणालात. आणि बसला नाहीत. "पाय मळलेत" म्हणालात. पाय मळले नव्हते बाबा. मी बघत होते.

मग म्हणालात, "मला पंच्याहत्तर होऊन गेली, एसटी फुकट. तुझ्या आईला अर्धं तिकीट. तुझी गाडी किलोमीटरला किती खाते?" मी तेव्हा गप्प बसले कारण उत्तर माहीत नव्हतं. आता आहे. पेट्रोल शंभराच्या वर, ॲव्हरेज वीस, म्हणजे सव्वापाच रुपये किलोमीटर धरा. गारगोटी ते कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर, अडीचशे-पावणेतीनशे रुपये. न्यायला येणं, आणणं, परत सोडणं, मी माघारी येणं, चार वेळा धरलं तर हजार-अकराशे. एसटीच्या शून्यापुढं माझं काही चालत नाही. हरले.

पण गाडी घेताना मी काय केलं ते तुम्हाला माहीत नाही. गणपतीत घरी आले होते तेव्हा सोप्यातल्या तुमच्या लाकडी खुर्चीची उंची ह्यांच्या टेपनं मोजून घेतली होती. आई, तू विचारलंस "काय मापतीस गं?" आणि मी म्हटलं, गादी शिवायची आहे. मग तोच टेप पर्समध्ये घालून आम्ही शोरूम हिंडलो. एक गाडी दिसायला फार देखणी होती, ह्यांचं मन तिच्यावर. पण तिच्यात बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग आत सांडायचं. बाहेर येताना तर मलाच दाराला धरून उठावं लागलं. दुसऱ्या ठिकाणी वॅगनआर उभी होती. मी दार उघडलं, टेप जमिनीवर टेकवला आणि सीटपर्यंत ओढला. सेल्समन पोरगं म्हणालं, "मॅडम, लोक डिकी मोजतात, सीट कोण मोजत नाही." सीट तुमच्या खुर्चीच्या जवळपास होती, थोडी वरच. डोकं वाकवावं लागत नाही, गुडघा दुमडावा लागत नाही, पाठ टेकून आधी बसायचं आणि मग पाय आत घ्यायचे. मी तिथंच गुडघा दुखतोय असं समजून चारदा बसून उठून बघितलं. रंग कुठला, टचस्क्रीन केवढा, हे सगळं नंतर.

सीएनजी का नाही घेतली, असं काकांनी विचारलं. महिन्याला साडेसहाशे किलोमीटर माझं धावणं, जादा पैसे वसूल व्हायला सहा-सात वर्षं जातील. शिवाय डिकीत सिलिंडर बसला तर आईची तांदळाची पिशवी, काकवीचा डबा आणि ते "असू दे, लागतंय" म्हणून दिलेलं सगळं कुठं ठेवू?

पैशाचं थोडक्यात. घटस्थापनेपासून, म्हणजे २२ सप्टेंबरपासून, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि वरचा सेसही गेला, म्हणून ऑगस्टमध्ये थांबलो ते बरं झालं. पण जे वाचलं त्यावर शोरूमवाल्यांचा डोळा होताच. मॅट, मडफ्लॅप, कसलंसं कोटिंग, सगळं "कंपल्सरी आहे मॅडम". कागदावर लिहून द्या म्हटलं, तेव्हा कंपल्सरी नव्हतं असं निघालं. विमा मात्र मी नीट घेतला. थर्ड पार्टी तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. त्याच्या जोडीला इंजिनचं संरक्षण वेगळं घेतलं, कारण पाण्यात गाडी चालू केली आणि इंजिनात पाणी गेलं तर साध्या विम्यात सहसा ते धरत नाहीत. २०१९चा महापूर बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आई, तू सांगितलंस तसं चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला. पुढच्या रविवारी जोतिबाला नेली. घाटात वळणावर गाडी पहिल्या गिअरला घ्यावी लागली आणि माझ्या हाताला घाम सुटला, पण चढली. येताना मागच्या सीटवर गुलाल सांडला. सीट फिकट रंगाची, तो आता जात नाही. मीही फार घासला नाही.

आणि हो, ओरखडा. लपवण्यात अर्थ नाही, बाबा टॉर्च घेऊन शोधतीलच. चौथ्या दिवशी पार्किंगमधल्या खांबाला मागचं डावं दार घासलं. वीतभर लांब. मी मागं बघत होते, पण उजवीकडंच. खाली उतरून बघितलं तेव्हा खांबावर पांढरा रंग आणि दारावर खांबाचा पिवळा. ह्यांनी काही म्हटलं नाही, रात्री नुसते खाली जाऊन बघून आले. ते काही न बोलणं मला जास्त लागलं.

तुमच्या परड्यात गाडी लावली होती त्या रात्रीचा प्रकार तर आई कधी विसरणार नाही. सकाळी बॉनेट उघडलं तर बॅटरीजवळ उसाचं पाचट आणि उंदराच्या लेंड्या. वायरी वाचल्या, नशीब. आईनं निपाणीची तंबाखू फडक्यात बांधून दोन पुड्या आत कोंबल्या. पहिल्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकनं त्या काढून हुंगल्या आणि म्हणाला, "मॅडम, ही कुणाची?" मी म्हटलं, आईची आहे, होती तिथं ठेव. पुन्हा एकदाही उंदीर आला नाही.

तर ऐका. गुरुवारी २२ तारखेला बाबांना गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी बुधवारी दुपारी येते. चहा घेऊन लगेच निघायचं, जेवायला थांबायचं नाही, कारण अंधार पडला की त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, एका ट्रॅक्टरला दोन-दोन. मला उजेडात घरी पोचायचं आहे.

नोव्हेंबरात तुम्ही मला न सांगता एसटीनं आलात, बाबा. स्टँडवर उतरताना शेवटची पायरी जमेना तेव्हा कंडक्टरनं हात धरून उतरवलं, हे आईनं मला सांगितलं. तिच्यावर चिडू नका. तुम्ही मात्र घरी येऊन वर "बसायला जागा मिळाली, फुकट आलो" एवढंच सांगितलंत.

पुढची सीट तुमची. शेजारी बसून वही मांडीवर घ्या, काट्याकडं बघा, मी कुठल्या गिअरला आहे ते मोजा, चुकलं तर ओरडा. आई मागं गुलालाच्या बाजूला बसेल, पाय लांब करून. आणि "मी येतो की, एसटीनं मागनं" असं या खेपेला म्हणू नकोस गं आई.

बाकी सगळं ठीक. संक्रांतीचे तिळाचे लाडू करून ठेवलेत, येताना आणते. बाबा, चाकात हवा किती हवी ते दाराच्या चौकटीवर स्टिकरवर लिहिलेलं असतं, तेव्हा बुधवारी अंगठ्यानं दाबून बघू नका.

तुमची,
माई

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी आज सकाळी टाकी भरून आले. या खेपेला नाताळच्या सुट्टीतली गारगोटीची फेरी धरून ४४८ किलोमीटर. पेट्रोल २१.३ लिटर. भागाकार मी केलेला नाही, तुम्हीच करा.