ट्रस्टी व्हायच्या आधी हे वाच

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज काल परत वाचला. फोनवर बोललो असतो तर नक्की भांडण झालं असतं, म्हणून लिहायला बसलोय. नगरसेवकाच्या ट्रस्टवर तुला ट्रस्टी म्हणून घेतायत आणि तू जवळजवळ हो म्हणून मोकळा झालायस. तुझं म्हणणं काय, तर माणूस स्वतःसाठी एक पैसा घेत नाही, जे येतं ते ट्रस्टला येतं, चेकने येतं, पावती फाडली जाते, गरजू पेशंटना त्यातून मदत होते, मग यात वाईट काय?

अरे पण पैसे कुठे गेले एवढंच तू बघतोयस, ते दिले कोणी आणि त्याच आठवड्यात त्याची कुठली फाईल टेबलावर होती हे कोण बघणार?

जेरुसलेमची केस तुला माहीत असायला हवी. उरी लुपोलियान्स्की, 2003 ते 2008 तिथला महापौर. त्याने 1976 मध्ये याद सारा नावाची संस्था काढली, व्हीलचेअर, कुबड्या, ऑक्सिजनची मशीन असलं सामान आजारी लोकांना वापरायला देणारी. संस्था एकदम खरी, काम खरं, 1994 मध्ये तिला इस्रायल प्राइज मिळालं, म्हणजे देशातला सगळ्यात मोठा सन्मान. आणि तरी 2014 मध्ये कोर्टाने त्याला लाचखोरीत दोषी धरलं. होलीलँड नावाचा मोठा बिल्डिंग प्रोजेक्ट होता, टेकडीवर, मूळ प्लॅनपेक्षा कितीतरी पट बांधकाम मंजूर झालेलं, आणि तो प्रोजेक्ट पुढे रेटणाऱ्यांकडून याद साराला लाखो शेकेलच्या देणग्या गेल्या होत्या. बांधकाम परवानगीच्या प्रक्रियेत याचा शब्द चालायचा. पैसे याच्या घरी गेले नाहीत, संस्थेत गेले, आणि कोर्टाने तीच लाच धरली. सहा वर्षांची शिक्षा सुनावली. 2015 च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तब्येतीकडे बघून शिक्षा कमी करून समाजसेवेवर आणली, पण दोषी तो दोषीच राहिला. मला ही केस सगळ्यात जास्त टोचते, कारण इथे चोरी करणारा ढोंगी माणूस नाहीये, चांगलं काम करणारा माणूस आहे आणि त्या चांगल्या कामाच्याच रस्त्याने लाच आत आली. तुझा नगरसेवक पण चांगला माणूस असेल, मी नाही कुठे म्हणतोय. त्याने काय फरक पडतो ते सांग.

बाकीच्या केसेस सरळ आहेत. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा महापौर क्वामे किलपॅट्रिक, स्वतःच्या नावाचा सिव्हिक फंड, कागदावर तरुणांसाठी आणि शहराच्या भल्यासाठी, आणि सरकारी वकिलांनी कोर्टात दाखवलं की त्यातला पैसा त्याच्या स्वतःच्या चैनीवर आणि प्रचारावर गेला. 2013 मध्ये त्याला 28 वर्षांची शिक्षा झाली (त्या केसमध्ये अजून बरंच होतं, आणि 2021 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी उरलेली शिक्षा माफ केली ते वेगळं). बाल्टिमोरमध्ये शीला डिक्सन, महापौर, गरिबांना वाटायला म्हणून दिलेली गिफ्ट कार्डं स्वतःच वापरली, 2009 मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं आणि पुढच्या वर्षी पद सोडावं लागलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

पण तुझ्या ट्रस्टशी जास्त जुळतं ते सॅन फ्रान्सिस्कोचं प्रकरण. तिथे सार्वजनिक कामांच्या खात्याचा प्रमुख मोहम्मद नुरू 2020 मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपात पकडला गेला, आणि मग शहराच्या ऑडिटमध्ये बाहेर आलं की ज्या कंपन्यांना शहराची कामं किंवा परवाने हवे असायचे त्यांच्याकडून बागांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत पैसे यायचे, तिथे खात्यासाठी वेगळा हिशेब ठेवलेला, आणि त्यातून स्टाफच्या पार्ट्यांचा खर्च पण व्हायचा. कोणी धमकी द्यायची गरजच नाही रे. ज्याचं टेंडर अडकलंय त्याला साहेबांनी नुसतं म्हणायचं, आमच्या संस्थेला थोडा हातभार लावा. तो नाही म्हणू शकतो का? ती देणगी म्हणायची का मग? कॅलिफोर्नियात नियम आहे की निवडून आलेल्या माणसाच्या सांगण्यावरून एकाच देणाऱ्याने वर्षात 5,000 डॉलर किंवा जास्त दिले तर 30 दिवसांत जाहीर करायचं. मला हा नियम पण अपुरा वाटतो, जाहीर केलं म्हणजे दबाव गेला असं थोडीच आहे, पण निदान लोकांना दिसतं तरी.

आणि उलटी बाजू पण बघ, म्हणजे शहराच्या तिजोरीतून संस्थांना जाणारा पैसा. 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कौन्सिलचं बाहेर आलं, बजेटमध्ये चक्क अस्तित्वात नसलेल्या संस्थांच्या नावाने लाखो डॉलर बाजूला काढून ठेवलेले, नंतर मर्जीप्रमाणे खऱ्या संस्थांना वाटायला. याने मार कोणाला बसतो? ज्या छोट्या संस्थेत चार लोक मरमर काम करतात, अनुदानाचे फॉर्म रात्री जागून भरतात आणि ज्यांची कोणाशी ओळख नाही, त्यांना. त्यांचा अर्ज वाचला पण जात नाही. आणि एखादा घोटाळा फुटला की सगळ्यात आधी लोक त्यांनाच विचारतात, तुम्ही पण तसलेच का. माझा खरा राग इथे आहे.

म्हणून सांगतो, सही करायच्या आधी मागच्या तीन वर्षांची देणगीदारांची यादी माग, नावासकट, आणि त्यातल्या किती जणांची पालिकेत कामं चालू आहेत ते स्वतः तपास, टेंडरची माहिती मिळते. देणगी मागायला फोन कोण करतं ते विचार, ऑफिसमधला माणूस की नगरसेवक स्वतः. बँकेच्या खात्यावर सह्या कोणाच्या आहेत, नगरसेवकाच्या घरचे किती ट्रस्टी आहेत, मदत कोणाला द्यायची ते कोण ठरवतं, आणि निवडणुकीच्या आधीच्या महिन्यांत वाटप अचानक वाढतं का ते बघ. यादी द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच नाही म्हण. यादी दिली तर मला पाठव, रविवारी मी मोकळा आहे, दोघं मिळून एकेक नाव बघू. तोपर्यंत कशावरही सही करू नकोस.

तुझाच,
मित्र