तुम्ही पहिल्यांदा 'नाही' म्हणालात म्हणून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पत्रात नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. पण पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. एक तर तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता. दुसरं म्हणजे आमच्यासारखी होडीची मंडळं नदीकाठच्या गावोगावी आहेत आणि आम्ही केलेली चूक तीही करणार आहेत.

पहिल्यांदा तुमच्याकडे आलो ते होड्या ठेवायच्या पक्क्या शेडचा नकाशा घेऊन, परवानगीचं विचारायला. सांगलीत कृष्णेच्या काठाला, पाण्याला लागूनच, आरसीसी खांब, वर पत्रा, कोपऱ्यात एक छोटं ऑफिस. वर्गणी निम्मी जमली होती. ऑफिसात ढाली कुठं मांडायच्या यावर पोरांची भांडणंही झाली होती. तुम्ही चष्मा लावलात, नकाशा उलटासुलटा बघितलात आणि म्हणालात, "हे होणार नाही. लोकांचे पैसे परत द्या."

खरं सांगतो, राग आला. त्याआधी एका कार्यालयात आम्ही "बघू की, करूया कायतरी" ऐकून आलो होतो आणि त्या 'कायतरी'चा आकडाही ऐकला होता. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही. बाहेर आल्यावर आमचा एकजण म्हणालाच, "म्हाताऱ्याला जमत नसेल म्हणून नाही म्हणतोय."

दुसऱ्या खेपेला तुम्ही कपाटातून ट्रेसिंगची गुंडाळी काढलीत, पूररेषेच्या नकाशावर पसरलीत, चारी कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवलेत. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा निषिद्ध क्षेत्र. निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र. तिथं बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर. इथं मी हसलो होतो. होडी ठेवायची आणि ती पुराच्या दीड फूट वर? मग ती रोज खाली आणायची कुणी? तुम्ही हसला नाहीत. तुमच्या घराच्या भिंतीवर 2019 च्या पाण्याची खूण आहे, तिकडं बोट दाखवलंत. आयर्विन पुलाजवळ 45 फुटांना धोक्याची पातळी, आणि त्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. "तुमच्या होड्या तरंगतील रे," म्हणालात, "शेड तरंगेल का? ती पुलाच्या कमानीत जाऊन बसली की मागं पाणी कुणाच्या घरात शिरणार?"

आम्ही सगळे गप्प. ही गोष्ट आमच्यापैकी एकालाही सुचली नव्हती, आणि आम्ही म्हणे नदीची पोरं!

मग तुम्ही राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतलं ते पान काढलंत. निळ्या रेषेच्या आत काय चालतं त्याची यादी: उघडं पार्किंग, बाग, मोकळी जागा, स्मशानभूमी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, सार्वजनिक शौचालय. मेलेल्याला जागा आहे, होडीला नाही, असं मी पुटपुटलो. तुम्ही यादीच्या शेवटच्या शब्दांना पेन्सिलीनं गोल केलात: 'किंवा तत्सम वापर'. "तुम्ही इमारत मागताय. तुम्हाला इमारत पाहिजेच कशाला? होड्या ठेवायला जागा पाहिजे ना? मग जागा मागा."

काका, हे एक वाक्य न सुचल्यापायी आमची दोन वर्षं वाया गेली होती.

पुढचा अर्ज तुम्हीच सांगत गेलात, मी लिहीत गेलो. मोकळ्या जागेचा वापर, जमिनीत काँक्रीट नाही, होड्या टेकवायला नटबोल्टनं जोडलेले लोखंडी घोडे, वर ताडपत्री, सगळं 31 मेपर्यंत उचलून लाल रेषेबाहेरच्या गोडाऊनात. सोबत झोन दाखला, भाग नकाशा, पाटबंधारेचा ना हरकत दाखला, आणि जागा सरकारी म्हणून महसूलकडंही वेगळा अर्ज. "पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही," हा तुमचा मंत्र. एकदा शिक्का मारणारा जेवायला गेला म्हणून तुम्ही जिन्याच्या पायरीवर पाऊण तास बसून राहिलात, गुडघा दुखत असताना. त्या पाऊण तासात तुम्ही आमच्या एका पोराला स्केलवरून अंतर मोजायला शिकवलंत, तो आता आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या वर्गात आहे.

आणखी एक गोष्ट तुम्ही अर्जाबाहेरची करून घेतलीत. प्रत्येक होडीवर किती माणसं चालतील तो आकडा पांढऱ्या रंगानं लिहायला लावलात, आणि तेवढीच जॅकेटं. ब्रह्मनाळची होडी ऑगस्ट 2019 मध्ये उलटली ते आम्हाला सांगायची गरज नव्हती. तरी तुम्ही आकडा लिहून होईपर्यंत घाटावर उभे राहिलात. डांबरावर पांढरा रंग नीट धरत नाही, दुसरा हात द्यावा लागला, तोही तुम्ही उभं राहूनच बघितलात.

परवानगी आली ती 1 पानाची. गेल्या पावसाळ्यात नदी पायऱ्या चढून आमच्या जागेवर आली, तेव्हा तिथं चार खड्डेसुद्धा नव्हते. पाणी उतरल्यावर गाळ काढला, घोडे परत आणले, जोडले, बास. पक्की शेड असती तर आज आम्ही नोटिशीला उत्तर लिहीत बसलो असतो. वर्गणी ज्यांची त्यांना परत दिली. दोघांनी घेतली नाही, त्यातून जॅकेटं आली.

ढाली सध्या माझ्या घरी माळ्यावर आहेत, बायको रोज त्यावरून बोलते. तिलाही जागाच पाहिजे आहे.

परवानगीची मुदत संपत आली आहे, नूतनीकरणाचा अर्ज मी स्वतः लिहिलाय. तुमची ती पिवळी स्केल आमच्याकडं राहिली आहे. रविवारी अर्ज आणि स्केल घेऊन येतो. अर्जात खोट निघाली तर आधी तेच सांगा, चहा नंतर.

आपला,
घाटावरचा एक वल्हेवाला
सांगली