बाबांस पत्र: टेस्लाची बोट आणि तिचे सुकाणू

बेलग्रेड,
दि. १४ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गोदीत जहाजांची सुकाणू-यंत्रे जुळवण्यात तुमची हयात गेली, म्हणून रविवारी जे पाहिले ते आधी तुम्हालाच कळवते. येथील क्रुन्स्का रस्त्यावर एका जुन्या हवेलीत निकोला टेस्ला यांचे संग्रहालय आहे. त्यांची रक्षा ठेवलेला सोनेरी गोल तेथेच असल्याने बहुतेकांची गर्दी त्याच्याभोवती असते. मी मात्र एका बोटीच्या प्रतिकृतीपाशी खिळून राहिले.

मूळ बोट १८९८ सालची, जेमतेम चार फूट लांब, किनाऱ्यावरून बिनतारी लहरींनी चालवायची. टेस्ला यांनी १ जुलैला पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा अमेरिकेचे स्पेनशी युद्ध चालू होते आणि स्फोटके भरलेली बिनमाणसाची बोट किनाऱ्यावरून शत्रूच्या जहाजावर नेता येईल, असा त्यांचा विचार होता. ८ नोव्हेंबरला पेटंट मिळाले, क्रमांक ६१३८०९.

बिनतारी लहरींचे कौतुक सगळेच करतात, पण मला खरी करामत सुकाणूत दिसली. किनाऱ्यावरून जाणारा इशारा एकाच प्रकारचा, मग त्यातून 'डावीकडे', 'उजवीकडे' आणि 'थांब' हे वेगवेगळे हुकूम निघावेत कसे? बोटीत एका नळीत धातूचा चुरा असतो. लहर पोहोचली की त्यातून वीज वाहू लागते, आणि कण तसेच चिकटून राहू नयेत म्हणून दर इशाऱ्यानंतर नळी उलटवली जाते. त्या विजेने एक तबकडी एकेक घर पुढे सरकते: एका घरात सुकाणूची मोटर एका बाजूला फिरते, पुढच्यात थांबते, तिसऱ्यात उलट फिरते, चौथ्यात पुन्हा थांबते. आजीच्या पलंगावरच्या दिव्याची दोरी आठवा. तीच दोरी ओढून दिवा लागायचा आणि तीच ओढून विझायचा. बोटीला पुढे ढकलणारा पाण्यातला पंखा फिरवणारी मोटर वेगळी आणि सुकाणूची वेगळी, हे पाहून तुम्ही मान डोलावली असती.

तरीही तुमची मुलगी असल्याने दोष शोधल्यावाचून राहवले नाही. एखादा इशारा वाटेत हरवला, तर तबकडी एक घर मागे राहणार आणि किनाऱ्यावरचा माणूस 'वळव' म्हणत असताना सुकाणू जागीच थांबणार. जहाजावर निदान सुकाणूचा कोन दाखवणारा काटा असतो. येथे चालवणाऱ्याने बोटीवरचे दिवे पाहायचे आणि घरे मनात मोजायची. पाण्याच्या टाकीत हे निभावते. लाटांत, धुरात, तोफांच्या माऱ्यात निभावले असते असे मला वाटत नाही.

अर्थात वॉशिंग्टनमधील ज्या अधिकाऱ्याला टेस्ला यांनी ही कल्पना ऐकवली, तो असा काही तांत्रिक विचार करून थांबला नव्हता. तो चक्क हसत सुटला, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. त्याउलट पेटंट कचेरीच्या मुख्य परीक्षकाला दावा खरा वाटेना, म्हणून तो स्वतः न्यूयॉर्कला येऊन बोट पाहून गेला. मला तो माणूस आवडला.

एक विचारायचे आहे. भर समुद्रात काटा बंद पडला, तर सुकाणू नेमके कोठे आहे हे तुमची मंडळी कशावरून ओळखत? आईकडून लिहून घेतलेत तरी चालेल, पण आकृती मात्र तुमच्याच हातची हवी.

आईस नमस्कार.

तुमची,
सुमा