टाळूच्या प्लेटसाठी पाचवी फेरी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सादर नमस्कार.

गेल्या मंगळवारी मला पाचव्यांदा हात हलवत परत पाठवलं. पहाटे चारला घर सोडलं, दोन एसट्या बदलल्या, अकराला दवाखान्याच्या खिडकीशी पोचलो. आतून उत्तर आलं, "तुमची म्युकरची फाइल बंद झालीय. प्लेटचं इथे काही होणार नाही." म्युकर म्हणजे कोरोनानंतर पसरलेली काळी बुरशी. तिच्यामुळे माझी अर्धी टाळू काढावी लागली, आणि प्लेट म्हणजे ते भोक झाकायचं कृत्रिम झाकण. याच दवाखान्यात डिस्चार्जच्या दिवशी मला शब्द दिला होता, की जखम भरली की पक्की प्लेट आणि दात बसवून देऊ. ते साल होतं 2021.

मी नाशिक जिल्ह्यात कांद्याचे लिलाव पुकारायचो. एकोणीस वर्षं. मागे व्यापाऱ्यांचा घोळका, समोर ट्रॅक्टरची रांग, आणि माझं "अकराशे एक, अकराशे अकरा" शेवटच्या ट्रॉलीवरच्या शेतकऱ्याला ऐकू जायचं. मे 2021 मध्ये कोरोनातून उठलो तेव्हा स्टिरॉइड नुकतंच संपलं होतं आणि साखर साडेतीनशेच्या वर होती. डावा गाल बधिर झाला. नाकातून काळपट पाणी यायला लागलं, वरचे दात हलू लागले. सायनस आहे म्हणून गोळ्या मिळाल्या आणि त्यात आठ दिवस गेले. या आजारात आठ दिवस म्हणजे फार झाले, साहेब. ही बुरशी नाकाशेजारच्या पोकळ्यांत शिरते, रक्तवाहिन्या बुजवते, आणि रक्त तुटलं की हाड-मांस काळं पडून मरतं. औषध तिथवर पोचतच नाही, म्हणून मेलेलं सगळं कापून काढावं लागतं. माझा डावीकडचा वरचा जबडा गेला, अर्धी टाळू गेली. डोळा वाचला. शेजारच्या खाटेवरच्या पोराचा नाही वाचला.

ॲम्फोटेरिसिनच्या, म्हणजे बुरशी मारणाऱ्या इंजेक्शनच्या, त्या दिवसांबद्दल काय लिहू? साठ किलोच्या माणसाला दिवसाला सहा बाटल्या. चिठ्ठी मुठीत धरून माझ्या बायकोने जिल्हा पालथा घातला, मंगळसूत्र मोडलं. शासनाने त्याच महिन्यात म्युकर महात्मा फुले या मोफत उपचारांच्या योजनेत घेतला, माझी शस्त्रक्रिया त्यातच झाली. ते उपकार मी विसरलेलो नाही.

पण पुढचं कोणी बघायचं? मला जी कामचलाऊ प्लेट दिली होती तिची तार दीड वर्षापूर्वी तुटली. चहाचा घोट घेतला की नाकातून ओघळतो. गॉझचा बोळा भोकात कोंबून मी पोळी दुधात कुस्करून खातो, आणि कधी कधी तो बोळाच घासाबरोबर सुटून येतो. पाणी उकळायचं, कोमट करायचं, मीठ घालून दोन वेळा नाक धुवायचं. एक दिवस चुकला तर आत खपल्या धरतात आणि घरभर वास सुटतो. नात माझ्या ताटाशेजारी बसत नाही. ती सहा वर्षांची आहे, तिला मी काय बोलू! माझा आवाज सगळा नाकात जातो. फोनवर लोक दोनदा "कोण?" विचारतात आणि ठेवून देतात. लिलाव सुटला. आता एका आडतीवर पट्ट्या लिहितो, निम्म्या पगारावर.

मी एकटा नाही. 28 जून 2021 ला केंद्राने देशातले 40,845 रुग्ण सांगितले होते, त्यातले 31,344 नाकातून डोळ्या-मेंदूकडे जाणाऱ्या प्रकाराचे. महाराष्ट्र त्यात पहिल्या रांगेत. म्हणजे माझ्यासारखी अर्ध्या तोंडाची, एका डोळ्याची माणसं या राज्यात गावोगाव बसलेली आहेत. आणि आमची नावं तुमच्याकडे आहेत! साथरोग कायद्याखाली प्रत्येक रुग्ण कळवणं तेव्हा बंधनकारक केलं होतं. त्या यादीवरून मला आजवर एक फोन आलेला नाही. रोग मोजायला यादी होती, माणूस सांभाळायला नाही. शस्त्रक्रिया झाली की आकडा पूर्ण होतो, आणि पुढे माणूस गिळू शकतो का, बोलू शकतो का, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. हे फक्त म्युकरचं नाही. अपघातात पाय गेलेल्याला विचारा, गिरणीत फुप्फुस गेलेल्याला विचारा. खाट रिकामी झाली की आमच्या व्यवस्थेचं काम संपतं.

अपंगत्वाच्या दाखल्याचं तेच. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात जबडा गेलेल्या माणसाचं स्वतंत्र नाव नाही. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला, तर सवलतींसाठी लागणारा 40 टक्के अपंगत्वाचा उंबरठा ओलांडता येत नाही. माझ्या शेजारच्या खाटेवरचा तो पोरगा ड्रायव्हर होता.

मागणं एवढंच आहे. त्या यादीतल्या प्रत्येकाला जिल्ह्यात एकदा बोलवा. टाळूची प्लेट, दात, कृत्रिम डोळा हे त्याच उपचाराचा भाग धरा, आणि प्लेट झिजते, तुटते, म्हणून ती बदलून देण्याची सोय ठेवा. बोलायला पुन्हा शिकवणारा माणूस द्या. आणि तालुक्याच्या दवाखान्यात नाकात दुर्बीण घालून बघणारा डॉक्टर आठवड्यातून एक दिवस तरी बसवा, म्हणजे साखरेच्या रुग्णाचा बधिर गाल सायनसच्या गोळ्यांवर आठ दिवस पडून राहणार नाही.

पाचही फेऱ्यांचे केसपेपर आणि तुटलेल्या प्लेटचा फोटो सोबत जोडला आहे. पुढच्या मंगळवारी मी पुन्हा त्याच खिडकीवर जाणार आहे.

आपला,
लिलाव पुकारणारा एक माणूस
नाशिक जिल्हा