अंथरुणात न मावणारा ‘पाय’

महोदय,

महिना आधी लिहिण्याच्या अमेरिकी पद्धतीमुळे १४ मार्च, म्हणजे ३/१४, हा ‘पाय’ (वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, सुमारे ३.१४) या संख्येचा ‘पाय दिन’ ठरला. त्या निमित्ताने या संख्येवर होणाऱ्या कोट्यांना पोरकट म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत, पण या ‘पाय’ला कोणतेच अंथरूण पुरत नाही’ ही कोटी घ्या. दशांश चिन्हानंतरचे अंक कधीच संपत नाहीत, हे तिच्यातून मुलांना पाठांतरापेक्षा लवकर उमगते. (ही संख्या अपरिमेय, म्हणजे दोन पूर्णांकांच्या भागाकाराने नेमकी न मांडता येणारी, असल्याचे गणितज्ञ लॅम्बर्ट यांनी अठराव्या शतकातच सिद्ध केले.) शब्दांत अंक दडवण्याचा खेळही आपल्याला नवा नाही, कटपयादी पद्धतीने (अक्षरांना ठरावीक अंक देणाऱ्या जुन्या भारतीय संकेताने) वाचल्यास ‘गोपीभाग्यमधुव्रात’ या एका संस्कृत समासातून ३१४१५९२६ हे आठ अंक क्रमाने मिळतात. मात्र ‘पाय म्हणजे २२/७’ एवढ्यावरच बेतलेले विनोद मला खटकतात, कारण २२/७ हे केवळ सोयीचे स्थूल मूल्य असून तिसऱ्या दशांश स्थळीच ते चुकते. आपल्या दैनिकाने १४ मार्चच्या अंकासाठी वाचकांकडून गणिताला धरून असलेल्या मराठी कोट्या मागवाव्यात, ही विनंती.

– एक गणितप्रेमी वाचक