शुभे, विरळणी तूच कर

प्रिय शुभे,

दिवाळीनंतर एक ओळ लिहिली नाही, मनात धरू नकोस. गुडघा बरा आहे, साखर आटोक्यात.

आमच्या मागच्या अंगणात पॉपी उगवलीय. शेताच्या बांधावरची, लाल. (पोलिसांत जाऊ नकोस, ही अफूची नव्हे, तिची रानातली चुलतबहीण.) शेवटच्या उन्हाळ्यात ह्यांनी इथल्या गव्हाच्या बांधावरची वाळकी बोंडं पाकिटात झाडून आणली होती. बी काळपट, अनारशाच्या खसखशीहून बारीक. ह्यांना तिची कळी फार आवडायची. मान खाली घालून असते आणि फुलायच्या सकाळी ताठ होते.

ते गेल्यावर मी ते बी पेरलं, वर मायेने तीन बोटं कंपोस्ट घातलं. तिथेच चुकलं. ह्या बियाला उगवायला उजेड लागतो. एकही आलं नाही. तेराव्याला रडले नव्हते तेवढी तेव्हा रडले.

गेल्या सप्टेंबरात दुकानातलं पाकीट आणलं. तोच वाफा खणला, गवताची मुळं वेचली, बी वाळूत कालवून फेकलं, वरून नुसतं पायाने दाबलं. आता एप्रिलात मेथीच्या वाफ्यासारखी दाटी झालीय.

पण शुभे, ह्यातली ह्यांची कुठली? गाडलेलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं गं. 1914-18 च्या लढाईत बेल्जियममधल्या फ्लँडर्सची जमीन तोफगोळ्यांनी उकरली, तेव्हा असंच निजलेलं बी वर येऊन उगवलं. म्हणून तर 11 नोव्हेंबरला, ती लढाई थांबली त्या दिवशी, इथे लोक गेलेल्या सैनिकांच्या आठवणीत कोटावर कागदी पॉपी लावतात. मग माझ्या कुदळीनेही खालची माती वर आणलीच असेल ना? रोपं सगळी सारखी, तीच कातरलेली पानं, तीच लव. विरळणी नाही केली तर सगळीच खुरटतील. उपटून दुसरीकडे लावावं, तर सोटमूळ दुखावतं आणि रोप जातं.

सातवीत शाळेच्या बागेत तू मला न विचारता माझा झेंडू विरळ केलास, मी सहामाहीपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. फुलं मात्र लाडवाएवढी आली. हे तुला आजवर कबूल केलं नव्हतं.

सूनबाईंना कितवा महिना? नळाला पाणी अजून दिवसाआडच का?

शनिवारी तुझ्या रात्री व्हिडिओ लावते. तू एकेक रोप दाखव, मी उपटते. एकटीने माझा हात पुढे होत नाही.

तुझीच,
माई